दिवसभर खांद्यावर : कॅमेऱ्याच्या पट्ट्याची निवड

प्रस्तावना

कॅमेरा विकत घ्यायचा म्हटलं की माणूस महिनोन्‌महिने अभ्यास करतो. सेन्सर केवढा, लेन्स किती उघडते, अंधारात फोकस किती चटकन बसतो, हे दहा जणांना विचारून घेतो. पट्ट्याबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. खोक्यात जो आला तो बांधायचा आणि पुढची पाच-सात वर्षं तोच मानेवर वागवायचा, अशी रीत पडून गेली आहे. वास्तविक कॅमेऱ्याच्या सगळ्या भागांत आपल्या अंगाला सर्वांत जास्त वेळ टेकलेला असतो तो हा पट्टा. शटरवर बोट क्षणभर असतं, डोळा व्ह्यूफाइंडरला मिनिटभर असतो. पट्टा सकाळपासून रात्रीपर्यंत अंगावर असतो. संध्याकाळी मान आखडली म्हणून कॅमेरा बॅगेत गेला, तर त्या संध्याकाळचे फोटो कितीही भारी सेन्सर असला तरी मिळत नाहीत. म्हणून पट्ट्याची निवड ही फोटोग्राफीचीच बाब आहे, असं मी मानतो, आणि त्यासाठीच ही पुस्तिका लिहिली आहे.

पुस्तिकेचं सगळं म्हणणं थोडक्यात असं : पट्टा निवडण्याआधी आपला दिवस मोजावा. कॅमेरा किती तास अंगावर असतो, त्यातले किती तास चालण्यात जातात, किती वेळा वाकावं लागतं, पाठीवर सॅक असते का, हात मोकळे लागतात का, पाऊस असतो की धूळ, या प्रश्नांची उत्तरं मिळाली की पट्टा निम्मा ठरलेला असतो. ‘सगळ्यांत चांगला पट्टा कोणता?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘माझ्या कामाला कोणता?’ याला आहे.

लग्नाचं काम करणाऱ्या फोटोग्राफरचा दिवस घ्या. सकाळी हळद, मग देवक, रुखवताचे फोटो. अंतरपाट धरला की गुरुजींच्या बाजूला गुडघ्यावर बसायचं आणि शेवटचं मंगलाष्टक संपताच अक्षतांच्या पावसात उभं राहायचं. पुढे सप्तपदी, पंगती, स्टेजवरची न संपणारी रांग आणि शेवटी पाठवणी. एका कॅमेऱ्यावर २४-७०, दुसऱ्यावर ७०-२००. बसणं-उठणं किती वेळा होतं याची मोजदाद नाही. गळ्यात लोंबणारा कॅमेरा अशा वेळी वाकलं की पुढे झोकांडतो आणि होमाच्या कडेला ठेवलेल्या तांब्या-ताम्हनाला धडकतो. या दिवसाला दोन्ही खांद्यांवर वजन वाटून घेणारी दुहेरी पट्ट्यांची जोडी बरी, किंवा निदान खांद्यावरून तिरका जाऊन कॅमेरा कमरेपाशी ठेवणारा स्लिंग.

आळंदीहून पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाणाऱ्याचा दिवस अगदी वेगळा. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, दिवे घाटाची चढण, ज्येष्ठ-आषाढाचा पाऊस आणि पाठीवर स्वतःचं सामान. इथे पट्ट्याला सॅकच्या पट्ट्यांबरोबर जमवून घ्यावं लागतं. सॅक आधी चढवायची की कॅमेरा आधी, हा प्रश्न विसाव्याच्या प्रत्येक जागी येतो. सॅकखाली दाबला गेलेला जाड गादीचा पट्टा खांद्यात रुततो. पातळ, सपाट पट्टी तिथे सुखाची ठरते. भिजलेला सुती पट्टा दुसऱ्या दिवशीही ओला राहतो आणि मानेची कातडी सोलून काढतो. म्हणून वारीत पाणी न धरणारी पॉलिस्टरची पट्टी घ्यावी आणि ती सॅकच्या वरून, सर्वांत शेवटी अंगावर चढवावी.

ताडोब्याच्या जिप्सीत बसणाऱ्याला याच्या उलट गरज असते. निकॉनची २००-५०० लेन्स कॉलरसकट २३०० ग्रॅमची, त्यात डी८५० जोडला की सव्वातीन किलोच्या वर ओझं जातं. पण ते खांद्यावर फारसं नसतंच. बीनबॅगवर टेकवलेलं असतं. पट्ट्याचं काम तिथे एवढंच, की गाडी खड्ड्यात आपटली तर लेन्स हातून निसटून खाली जाऊ नये. लांब लोंबता पट्टा सीटच्या फटीत नाहीतर दाराच्या कडीत अडकतो आणि वाघ समोर आला असताना ओढाओढ होते. म्हणून जंगलात पट्टा आखूड हवा, चटकन काढता येणारा हवा, आणि लेन्सच्या कॉलरला बांधलेला हवा. जड लेन्सचं सगळं वजन कॅमेऱ्याच्या माउंटवर टाकणं बरं नाही.

सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर चौथीच गोष्ट. कातळात खोदलेल्या पायऱ्या किंवा लोखंडी शिडी चढताना दोन्ही हात गुंतलेले असतात आणि स्लिंगवरचा कॅमेरा मोकळा झुलत राहतो. दगडावर लेन्स आपटण्याचं दुःख आहेच, पण त्याहून मोठा धोका तोल जाण्याचा आहे. अशा जागी पट्ट्याला काखेखालून जाणारी दुसरी आडवी पट्टी लागते, सॅकच्या खांदेपट्टीवर कॅमेरा पक्का बसवणारी क्लिप लागते, नाहीतर सरळ कॅमेरा सॅकेत ठेवायची शिस्त लागते. विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीच्या गर्दीत काम करणाऱ्यालाही हाच विचार करावा लागतो : पट्टा कुणाच्या हातात, कुणाच्या पिशवीत अडकला तर मानेला फास बसता कामा नये. गर्दीत गळ्याभोवतीच्या पट्ट्यापेक्षा तिरका पट्टा केव्हाही सुरक्षित, कारण ओढ आली तर ती मानेऐवजी खांदा आणि छाती घेतात.

दिवसाइतकंच महत्त्व अंगाला आहे. पट्टा का रुततो, याचं उत्तर सोपं आहे : वजन तेच राहतं, टेकायची जागा बदलते. भाजीनं भरलेली प्लास्टिकची पिशवी बोटांना कापते आणि तेवढीच भाजी कापडी पिशवीच्या रुंद बंदात सहज पेलते, तोच हा हिशेब. डी८५० बॅटरी आणि कार्डासकट १००५ ग्रॅमचा. त्यावर निकॉनचीच २४-७० एफ/२.८ ई व्हीआर लेन्स १०७० ग्रॅमची. दोन्ही मिळून दोन किलोंच्या थोडं वर. समजा पट्टा मानेवर पंधरा सेंटिमीटर लांबीभर टेकला आहे. तो एक सेंटिमीटर रुंद असेल तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १४० ग्रॅम दाब येतो. चार सेंटिमीटर रुंद असेल तर सुमारे ३५. मात्र रुंदी वाढवली म्हणजे सगळं झालं असंही नाही. मान आणि खांदा यांच्यामधला उतार वळणदार असतो. त्यावर ताठ, जाड पट्टा बसवला तर तो सबंध टेकतच नाही. त्याची एकच कड रुतत राहते आणि रुंदीचा हिशेब कागदावरच राहतो. पट्टा रुंद हवा तसाच अंगाच्या वळणाप्रमाणे दुमडणाराही हवा.

गळ्यातल्या पट्ट्याची दुसरी अडचण दाबाची नाही, जागेची आहे. कॅमेरा छातीपुढे लोंबतो, म्हणजे वजन मणक्याच्या पुढे असतं. डोकं पुढे ओढलं जाऊ नये म्हणून मानेच्या मागचे स्नायू सतत ताणून धरावे लागतात. कवटीच्या तळापासून खांद्यांपर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस स्नायू संध्याकाळी दगडासारखा होतो तो यामुळे. हाताकडे जाणाऱ्या शिरांचा जुडगा गळपट्टीच्या हाडामागून जातो. पट्टा त्या हाडाच्या वरच्या खोबणीत बसला तर हाताला मुंग्या येऊ शकतात. मुंग्या आल्या की सोसत राहू नये. पट्ट्याची जागा किंवा पद्धत लगेच बदलावी. तिरका पट्टा वजन खांद्याच्या भरीव भागावर टाकतो आणि कॅमेरा कमरेला टेकतो, त्यामुळे मान मोकळी होते. पण एकच खांदा दिवसभर राबवला तर पाठ एका बाजूला वळते, म्हणून तासा-दोन तासांनी खांदा बदलायची सवय लावून घ्यावी.

पट्ट्यांच्या जाहिरातींत बाईच्या अंगाचा विचार फारसा दिसत नाही. छातीवरून तिरका जाणारा रुंद पट्टा अनेकींना नकोसा होतो. तो अरुंद, मऊ आणि थोडा लांब हवा, किंवा एका खांद्यावर न घसरता राहील असा खरबरीत अस्तराचा हवा. साडीच्या पदराला लावलेली पिन, मंगळसूत्र, मोकळे केस यांत बकल अडकतं, म्हणून बकल मानेपाशी नको, खाली कॅमेऱ्याजवळ हवं. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी साडी नेसून, जड स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स वागवत दिल्लीत वृत्तछायाचित्रण केलं. त्यांच्या काळात ओझं हलकं करणारं असं बाजारात काहीच नव्हतं. आज निवडायला पुष्कळ आहे, तेव्हा आपल्या अंगाला बसेल तेच मागून घेण्यात संकोच नको.

पट्ट्याचा इतिहास छोटा आहे, पण सांगण्यासारखा आहे. कॅमेरा तिकाटण्यावर उभा होता तोवर पट्ट्याची गरज नव्हती. तो हातात आला तेव्हाही पट्टा आधी कॅमेऱ्याला लागला नाही, त्याच्या पेटीला लागला. १९२५ साली बाजारात आलेल्या पहिल्या लाइकाला पट्टा अडकवायच्या कड्याच नव्हत्या. चामड्याच्या म्यानात कॅमेरा बसवायचा आणि पट्टा म्यानाचा. कॅमेऱ्याच्या अंगाला कड्या आल्या त्या १९३३ सालच्या लाइका ३ या मॉडेलवर. १९२९ पासूनच्या रोलायफ्लेक्सनं पट्ट्याला आणखी एक काम दिलं. कॅमेरा पोटाशी धरून वरून आत बघायचं असे, तेव्हा छायाचित्रकार तो पुढे ढकलून पट्टा ताठ करत आणि हात स्थिर होई. ती युक्ती आजही उपयोगी आहे. मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणाऱ्यानं कॅमेरा पुढे रेटून पट्टा ताणून धरला, तर कमी उजेडात हललेल्या फोटोंचं प्रमाण कमी होतं. पट्टा ओझं वाहतो, पडण्यापासून वाचवतो आणि हात स्थिर करतो. निवडताना ही तिन्ही कामं डोळ्यांपुढे हवीत.

आता टिकाऊपणाकडे येऊ. पट्ट्याचा कच्चा माल मोजकाच आहे. नायलॉन १९३५ साली अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. ते घासलं जाणं उत्तम सोसतं, पण पाणी पितं, ओलं झालं की थोडं लांबतं आणि त्याची ताकद काहीशी घटते. वर्षानुवर्षं कडक ऊन लागलं तर ते कमकुवत होतं. पॉलिस्टर जवळजवळ पाणी धरत नाही, कमी ताणलं जातं आणि उन्हात अधिक टिकतं. आपल्या हवेत रोजच्या कामाला माझी पहिली पसंती त्याला आहे. पॉलिप्रॉपिलीनची पट्टी स्वस्त आणि हलकी असते, पण उन्हात लवकर ठिसूळ होते आणि गुळगुळीत असल्यामुळे बकलमधून सरकते. स्वस्त पट्टा घेताना ही पट्टी ओळखायला शिकावं. सुती पट्टी कातडीला सर्वांत मऊ, घाम शोषणारी, पण पावसाळ्यात बुरशीचं घर. काही चांगल्या सुती पट्ट्यांत रबराचे धागे विणलेले असतात, त्यामुळे खांद्यावरून पट्टा घसरत नाही. अमेरिकेतल्या डोमकी कंपनीचा ‘ग्रिपर’ पट्टा याच गुणासाठी वृत्तछायाचित्रकारांमध्ये नावाजला.

निओप्रीन हे ताणलं जाणारं रबर, तेही १९३० साली ड्युपाँटच्याच प्रयोगशाळेत जन्मलेलं. निओप्रीनची गादी असलेला पट्टा पहिल्यांदा गळ्यात घातला की कॅमेरा निम्म्या वजनाचा वाटतो. वजन अर्थातच तेवढंच असतं; चालताना बसणारे धक्के ही गादी गिळते. पण जड लेन्स लावली की तीच गादी प्रत्येक पावलागणिक कॅमेरा वर-खाली उडवते, आणि उन्हाळ्यात तिच्याखाली घामाच्या धारा लागतात. म्हणून निओप्रीन दीड किलोच्या आतल्या ओझ्याला आणि थांबून-थांबून करायच्या कामाला बरं; जड कॅमेरा घेऊन दहा मैल चालणाऱ्याला नाही.

चामड्यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण ते आपल्या मातीतलं आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. अशा वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याचा पट्टा सुरुवातीला ताठ असतो, पण काही महिन्यांत वापरणाऱ्याच्या खांद्याचं वळण घेतो आणि मग तो सोडवत नाही. तो एका सलग तुकड्यातून कापलेला असावा. चुरा डिंकात दाबून वर छान पोत उठवलेलं चामडं दिसायला तसंच, पण दुमडीवर भेगाळतं. ओळखायचं कसं? कड बघावी. खऱ्या चामड्याच्या कडेला धागेदार गाभा दिसतो. कड जाड रंगाखाली झाकून टाकली असेल तर विक्रेत्याला विचारावं. पाणी आणि बंद कपाट हे चामड्याचे शत्रू. कोकणात पावसाळ्यात आठवडाभर कपाटात राहिलेल्या पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते. कोरड्या फडक्यानं पुसावं, सावलीत वाळवावं, वर्षातून एक-दोनदा चामड्याचं मेण अगदी थोडं लावावं. चपला आणि पिशव्या बनवणाऱ्या आपल्या कारागिरांकडून चामड्याचा पट्टा मापानं शिवून घेणं सहज शक्य आहे. पुस्तिकेत त्याचा नमुना आणि मापं दिली आहेत, त्यामागे हाच हेतू.

पण पट्टी कितीही भक्कम असली तरी पट्ट्याची खरी ताकद जोडांत असते. पट्टी मधोमध तुटल्याचं क्वचितच दिसतं. उसवते ती शिलाई, उघडते ती कडी, सरकतं ते बकल, आणि सैल होतो तो स्क्रू. म्हणून पट्टा हातात घेतला की आधी टोकं बघावीत. चौकोनात फुली घातलेली किंवा दाट आडव्या टाक्यांची शिलाई असावी. दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा असावा, सुती दोरा घामानं कुजतो. कडी किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी वेढ्याची असेल तर तिची टोकं घट्ट मिटलेली हवीत. नखानं सहज उघडते ती कडी घेऊ नये. समुद्रकाठच्या माणसानं स्टेनलेस स्टील मागावं. जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव बकलं वरून चकचकीत दिसतात आणि झटक्यानं मोडतात. गोल कडीचा कॅमेरा असेल तर कडी आणि बॉडी यांच्यामध्ये चामड्याची छोटी चकती घालावी, नाहीतर वर्षभरात रंग खरवडला जातो.

बकलमधून पट्टी ओवण्याची रीतही शिकण्यासारखी आहे. पट्टीचं टोक परत फिरवून पट्टीच्या आतल्या बाजूनं बकलमधून काढावं, म्हणजे ओढ आली की दोन पट्ट्या एकमेकींना दाबून धरतात, आणि टोकही बाहेर लोंबत नाही. निदान पाच सेंटिमीटर टोक शिल्लक ठेवावं. पहिल्या पावसात भिजल्यावर हे बकल पुन्हा एकदा तपासावं. स्लिंग पट्टे बहुधा ट्रायपॉडच्या भोकात, पाव इंचाच्या स्क्रूनं बसवतात. अमेरिकेतल्या ब्लॅकरॅपिडनं ही पद्धत लोकप्रिय केली. कॅमेरा उलटा लटकतो, सरकत चटकन डोळ्याशी येतो, सोय मोठी आहे. पण चालताना कॅमेरा फिरतो आणि स्क्रूही हळूहळू फिरतो. रबराची चकती घालून तो आवळावा, रोज सकाळी हातानं तपासावा, आणि कॅमेऱ्याच्या वरच्या कडीला एक सुटी दोरी जास्तीची बांधून ठेवावी. पीक डिझाइन कंपनीची दोरीची छोटी बटणं वेगळ्या वाटेनं हाच प्रश्न सोडवतात. एक बटण ९० किलोंपर्यंत ओझं पेलतं असं कंपनी सांगते. तिथेही दोरी झिजते, आणि झिजलेली दोरी बदलणं हे वापरणाऱ्याचंच काम राहतं.

दोन किलोच्या कॅमेऱ्याला ९० किलोंची ताकद कशाला, असं वाटेल. उत्तर झटक्यात आहे. समजा दीड किलोचा कॅमेरा हातातून सुटला, तीस सेंटिमीटर खाली आला आणि पट्ट्यानं तो पुढच्या तीन सेंटिमीटरांत थांबवला. थांबवताना पट्ट्यावर सरासरी ओढ बसते ती कॅमेऱ्याच्या वजनाच्या अकरापट, म्हणजे साडेसोळा किलोंची. पट्टा अगदी न ताणणारा असेल आणि एका सेंटिमीटरातच थांबवत असेल, तर ती एकतीसपट, साडेशेहेचाळीस किलोंवर जाते. शिलाईची आणि कडीची परीक्षा होते ती या एका क्षणी. म्हणून टिकाऊपणाची किंमत रोजच्या लोंबत्या ओझ्यावरून ठरवू नये, पडत्या ओझ्यावरून ठरवावी. आणि पट्ट्यात थोडा ताण खाण्याचा गुण हवा तो याच कारणानं.

ही परीक्षा घरीही घेता येते. पाच लिटर पाण्याचा कॅन म्हणजे पाच किलो. तो नव्या पट्ट्याला, पट्ट्याच्याच कड्या वापरून, खाली जाड गादी घालून रात्रभर टांगावा. सकाळी शिलाई, बकल आणि कड्या नीट बघाव्यात : कुठे टाका ताणला आहे का, पट्टी बकलमधून सरकली आहे का, कडीचं तोंड उघडलं आहे का. दुकानात आणखी एक परीक्षा घ्यावी. आपला कॅमेरा आपल्या सर्वांत जड लेन्ससह घेऊन जावा, पट्टा अंगावर चढवून निदान दहा मिनिटं उभं राहावं, पाच-सहा वेळा वाकावं, बसावं, कॅमेरा डोळ्याशी न्यावा. मुंबईच्या बोरा बाजारात असो की तालुक्याच्या गावी, दुकानदार यासाठी सहसा नाही म्हणत नाही. लांबीही तिथेच ठरते. तिरक्या पट्ट्यावर कॅमेरा कमरेच्या हाडापाशी यावा. मध्यम उंचीच्या माणसाला त्यासाठी साधारण १२० ते १३० सेंटिमीटर पट्टा लागतो. मांडीवर आपटत असेल तर तो लांब आहे, डोळ्याशी आणताना खांदा ओढत असेल तर आखूड आहे.

हलक्या कॅमेऱ्यांना हा सगळा व्याप लागत नाही. फुजीफिल्मचा एक्स१००व्ही बॅटरीसकट ४७८ ग्रॅमचा आहे. त्याला मनगटाचा पट्टा पुरतो, फक्त त्याचा फास हात सुटला तर आवळला जाणारा हवा. वजन सातशे-आठशे ग्रॅमच्या पुढे गेलं की मनगट थकतं आणि खांद्याचा आसरा घ्यावा लागतो. खोक्यात येणारा कंपनीचा पट्टाही टाकाऊ नसतो. तो बहुधा मजबूत असतो. अडचण सुखाची असते, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मॉडेलचं नाव परक्या शहरात कॅमेऱ्याची किंमत सांगत फिरतं. महिन्यातून दोन-चार तास फोटो काढणाऱ्याला तोच पुरेसा आहे, आणि त्यानं उगाच खर्च करू नये, असं मला मनापासून वाटतं.

माझी कळकळ आहे ती जास्तकरून आपल्या लहान गावांतल्या फोटोग्राफरांसाठी. कर्ज काढून घेतलेला कॅमेरा हीच त्यांची शेती, हेच त्यांचं दुकान. कॅमेऱ्याच्या किमतीच्या मानानं चांगल्या पट्ट्याचा खर्च अगदी थोडा आहे, पण त्यावर कॅमेराही अवलंबून आहे आणि पुढची वीस वर्षं काम करायचं आहे ती मान आणि पाठही. त्यांना लागणारा टिकाऊ पट्टा म्हणजे दुरुस्त होऊ शकणारा पट्टा. ज्याची शिलाई चौकातला बॅग दुरुस्त करणारा कारागीर पुन्हा घालू शकतो, ज्याची कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तो पट्टा कितीतरी महागड्या पट्ट्यांपेक्षा जास्त वर्षं साथ देतो. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक पट्ट्याबरोबर तो कसा दुरुस्त करायचा हेही सांगितलं आहे, आणि जिथे दुरुस्ती शक्य नाही तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

पुस्तिकेची मांडणी या प्रस्तावनेच्या क्रमानंच आहे. पहिल्या भागात काम आणि दिवस, दुसऱ्यात शरीर, तिसऱ्यात कापड, चामडं आणि धातू, चौथ्यात जोड आणि बांधणी, पाचव्यात निगा आणि दुरुस्ती. घाई असेल त्यानं चौथा भाग आधी वाचावा, कारण आज वापरात असलेला पट्टाही त्यातल्या सूचनांनी आजच अधिक सुरक्षित करता येईल. लग्नाचं काम करणाऱ्यांनी, वृत्तपत्रांतल्या छायाचित्रकारांनी, पक्ष्यांमागे पहाटे भिगवणच्या पाणवठ्यावर बसणाऱ्यांनी आपापले झिजलेले पट्टे दाखवले, कुठे रुततो ते सांगितलं. पिशव्या शिवणाऱ्या कारागिरांनी टाक्यांचे प्रकार करून दाखवले. झिजलेल्या पट्ट्याइतकी सविस्तर माहिती कुठल्याही जाहिरातीत मिळत नाही. या सगळ्यांचं ऋण मोठं आहे.

वाचकाला एकच विनंती. पुढचं पान उलटण्याआधी आपला कॅमेरा नेहमीच्या लेन्ससह आणि सर्वांत जड लेन्ससह वजनकाट्यावर ठेवा. मग नेहमीच्या कामाच्या दिवशी तो किती तास अंगावर असतो, त्यातले किती तास चालण्याचे, हे घड्याळ लावून मोजा. हे चार आकडे पुस्तिकेच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक भागातली शिफारस वजन आणि तास यांच्या हिशेबानं दिली आहे. आकडे हाताशी असले तर दुकानात शिरताना कोणता पट्टा मागायचा हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल.